खंडेनवमी आणि अळ्यांचे टब

कंपनीतली नोकरी गेल्यावर मी चाकणजवळ पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आणि साठ गावरान कोंबड्या पाळल्या. सोयाबीनची पेंड परवडेना, म्हणून एका जातीच्या काळ्या माशीच्या अळ्या टबांत वाढवू लागलो. बाजारातला टाकाऊ कोबी, टोमॅटो त्यांना घालायचा. पंधरा दिवसांत त्या टपोऱ्या होत आणि कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडत. अंडी पिंपळे गुरवात हातोहात खपू लागली. अळ्यांचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं, गिऱ्हाइकांना नाही आणि घरी वडिलांनाही नाही. लोक नाक मुरडतील, ही भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावत राहिलो. माझी अक्कल ती एवढीच.

वडील एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले. खंडेनवमीला मशीन घासूनपुसून झेंडू बांधायचा, हळदकुंकू वाहायचं, हे त्यांनी नोकरीभर कधी चुकवलं नाही. यंदा पुजायला मशीन नाही, म्हणून ते सकाळीच माझ्या शेडवर आले. मला बरंच वाटलं. शेड त्यांच्यावर सोपवून मी कोबी आणायला बाजारात गेलो.

परत आलो तर दाराला तोरण, जमीन धुतलेली आणि टब घासून उन्हात पालथे घातलेले.

"सगळ्या टबांत किडे झाले होते," ते म्हणाले. "तुला वेळ मिळत नसेल, म्हणून मीच साफ केले."

शेजारच्या मळ्यातून भाजीवर मारायचं औषध मागून आणून त्यांनी ते टबांत फवारलं होतं आणि सगळं मागच्या उकिरड्यावर ओतलं होतं. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या तिथेच टिपत होत्या.

मी धावत जाऊन त्यांना हुसकावलं, पण तोवर बहुतेकींची पोटं भरली होती. दुपारी एकेकीची मान पडू लागली. जनावरांचे डॉक्टर आले, जमली तेवढी इंजेक्शनं दिली आणि आता वाट बघा म्हणाले. मी वाट बघत बसलो. वडिलांवर रागवावं तर कुठल्या तोंडाने, हे कळेना.

संध्याकाळी ते एका कोंबडीला मांडीवर घेऊन चमच्याने चोचीत पाणी सोडत होते. पाणी बाहेर ओघळत होतं. तेव्हा मी त्यांना अळ्यांचं सगळं सांगितलं. तुमची काही चूक नाही, असंही म्हणालो. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आधी सांगायचंस की रे," ते म्हणाले. "त्या टबांनाही हळदकुंकू वाहिलं असतं मी."