अंगणातला पहिला तास

येलदरीच्या अलीकडं आमची द्विशिक्षकी शाळा. माझ्या जोडीचे गुरुजी लय हट्टी. परिपाठ झाला की पहिला तास ते शिकवतच नाहीत, शिकतात. पारधी वस्तीतलं एखादं लेकरू अंगणातल्या फुफाट्यावरची पावलं बघून शाळा सुटल्यापासून कोणतं जनावर येऊन गेलं ते सांगतं, आणि गुरुजी पोरांमध्ये उकिडवे बसून पाटीवर उतरवून घेतात. मग तेच शब्द फळ्यावर, आधी पारधीत, नंतर मराठीत.

"आपली भाषा दाराबाहेर ठिवून आलेलं लेकरू दुपारपर्यंत टिकत न्हाई, बाई," असं गुरुजी मला रोज ऐकवतात. पण कुणाचं उत्तर चुकलं तर रागावणं नाही. "न्हाई आलं तर न्हाई आलं. उद्या परत इचारतो."

परवा तपासणीला साहेब आले, नेमके त्याच तासाला. असला तास वेळापत्रकात कुठंच नाही. गुरुजी उठलेसुद्धा नाहीत.

"बसा साहेब. आमच्या बाई शिकवायल्यात."

बाई म्हणजे तिसरीतली पोरगी. साहेब घुटमळले, मग पँट सावरत उकिडवे बसले. पोरीनं काडीनं दोन ठसे दाखवले.

"ह्यातलं मुंगसाचं कोन्तं, सांगा."

साहेबांनी बराच वेळ निरखून मांजराच्या पावलावर बोट ठेवलं. पोरं हसायच्या बेतात होती. तिनं नुसत्या डोळ्यांनी त्यांना गप्प केलं.

"न्हाई आलं तर न्हाई आलं," ती साहेबांना म्हणाली. "उद्या परत इचारते."