दादाने न वाचलेली दहा पुस्तके

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचले नाही. पण कोणती पुस्तके वाचावीत, हे त्याच्याइतके ठणकावून सांगणारा माणूस आमच्या रेवदंड्यात दुसरा नव्हता. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते काही उगीच नाही.

दादा अलिबागच्या हायस्कुलात शिकायला होता. शनिवारी संध्याकाळी घरी येई, सोमवारी पहाटे जाई. शाळेचे एक हस्तलिखित मासिक निघे. त्यात त्याने लेख दिला: लहान मुलामुलींनी वाचावेत असे दहा नामांकित ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाखाली दोन ओळींचा अभिप्राय. एक 'सद्गुणांची खाण', दुसरा 'भक्तिरसाने ओथंबलेला', तिसरा 'वीररसाचा कळस'. खाणी आणि कळस सोडले तर त्या लेखात काहीही नव्हते. तरी मास्तर खूश झाले, आणि दिवाळीच्या सुट्टीत दादा तो लेख वहीत उतरवून घरी घेऊन आला.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो त्याच्याकडून तीनदा वाचून घेतला. आमची नारळी-पोफळीची वाडी होती. अण्णा नारळावर टिचकी मारून आत पाणी किती, खोबरे किती ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. स्वतःच्या मुलावर एकदा टिचकी मारून बघावी, हे मात्र त्यांना कधी सुचले नाही.

मी तेव्हा मराठी चौथी पास होऊन घरी बसले होते. बारावे वर्ष सरत आले होते. मुरूडहून एक स्थळ सांगून आले होते आणि शिमगा झाला की ती माणसे मला बघायला यायची होती. मला अलिबागला मावशीकडे राहून शाळेत जायचे होते. एकदा धीर करून मी तसे बोलले. अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी दादाकडे पाहिले आणि म्हणाले, "ह्याची धा पुस्तकं वाच. दर रविवारी एकेक ह्याला सांगून दाखव. ह्याच्या पसंतीस उतरलीस तर धाडीन अलिबागला. न्हायतर मुरूड हायच."

अशी माझी परीक्षा ठरली, आणि परीक्षक असा, की ज्याने पुस्तके उघडूनही पाहिली नव्हती. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते. ज्याने यादी केली त्याने वाचलीच असणार, असे मी धरून चालले होते. बाराव्या वर्षी माणूस इतका मूर्ख असू शकतो. पुढे चाळिशी-पन्नाशीची माणसे तशीच पाहिली, तेव्हा माझे वाईट वाटणे जरा कमी झाले.

पुस्तके गावच्या वाचनालयात होती. मुलींनी तिथे पाऊल ठेवायची रीत नव्हती, म्हणून अण्णाच बाजारातून येताना एकेक घेऊन येत. वाडी शिंपायला विहिरीवर रहाट होता. रेडा गोल फिरे, पाणी पाटात पडे, आणि रेडा थांबला तर त्याला हाकायचे काम माझ्याकडे होते. मी काठावर बसून वाचत असे. पुस्तक चांगले असले की रेडा थांबलेला मला कळत नसे. मग पाट सुका पडे आणि खालच्या टोकाला फुलझाडांना पाणी घालणारी आई ओरडे. कोणते पुस्तक किती चांगले, ते मी आईच्या ओरडण्यावरून ठरवी. दादाच्या खाणी-कळसांपेक्षा हे माप शंभर पटीने खरे होते.

पहिले पुस्तक एका आज्ञाधारक मुलाचे. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणाची ना कुणाची आज्ञा पाळतो, आणि उरलेल्या वेळात पाया पडतो. रेडा एकदाही थांबला नाही. दुसरे एक जाडजूड काव्य होते, वर श्लोक आणि खाली टीका. रविवारी अण्णा आणि दादा जेवायला बसले, मी वाढत होते. मी खरे ते सांगितले, की मला यातले अक्षरही कळले नाही. दादा प्रसन्न झाला. "थोर ग्रंथ एकदम कळत नसतात," म्हणाला, आणि मला पास केले. न कळणे ही त्या परीक्षेत सगळ्यांत पसंत पडणारी गोष्ट होती.

तिसरे काशीयात्रेचे. ते मला मनापासून आवडले. आई दोनदा ओरडली. लेखक बिचारा अर्धे पुस्तक आपल्या बिघडलेल्या पोटाविषयी लिहितो आणि घाटावर चोरीला गेलेल्या जोड्यांसाठी अख्खे प्रकरण खर्ची घालतो. मी ते जेवणावर हसत हसत सांगितले. दादाचा चेहरा लाल झाला. त्याने 'भक्तिरसाने ओथंबलेला' लिहिले होते ना! "तुला त्यातला भक्तिरस दिसला नाही, जोडे दिसले," तो म्हणाला. अण्णांनी मान हलवली. मला पहिल्यांदा शंका आली ती तिथे. पण ती मी गिळली.

चौथे पुस्तक किल्लेदाराचे. दादाचा 'वीररसाचा कळस' तो हाच. गडाला वेढा पडला आहे, टाक्यांतले पाणी आटले आहे. आत शिबंदीचे शिपाई आहेत आणि आसऱ्याला आलेली खालच्या गावची बायकापोरे आहेत. किल्लेदाराने प्राण जाईतो दरवाजा न उघडण्याची शपथ घेतलेली. आणि एके पहाटे तो माणूस स्वतःच्या हाताने अडसर काढतो, बायका घागरी घेऊन नदीकडे धावतात, आणि तो शत्रूपुढे मान खाली घालून उभा राहतो. त्याला मारत नाहीत. तो पुढे कितीतरी वर्षे नदीच्या तरीवर माणसे पार नेणारी होडी वल्हवतो, आणि त्याच गावची माणसे त्याच्याकडे न बघता पलीकडे उतरतात. ते वाचताना मी इतकी रडले, की रेडा कधीचा थांबून उभा होता आणि आई ओरडायची सोडून धावत आली. मी विहिरीत पडले असेन, असे तिला वाटले.

रविवारी मी सगळे सांगितले. दादाने घास खाली ठेवला. "चूक. साफ चूक. किल्लेदार लढता लढता पडतो."

"नाही दादा, तो दरवाजा उघडतो."

"दरवाजा उघडणाऱ्यावर कोण पुस्तक लिहील?"

मी आत जाऊन पुस्तक आणले आणि ते पान काढून अण्णांच्या पुढे धरले. त्यांनी पानाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. "थोरल्या भावाला जेवणावर खोटं पाडतेस? हेच शिकतेस पुस्तकातनं? अलिबागला जाऊन मग काय माझं डोकं फोडशील?" त्यांनी ताट बाजूला सारले आणि हात धुतले. दादा मात्र शेवटपर्यंत जेवला. ताक मागून प्यायला.

तो घरातला राजहंस, आणि मी खोटी! मला इतका संताप आला, की पुस्तक विहिरीत फेकावेसे वाटले. संध्याकाळी आई चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "गो, तो किल्लेदार मेला काय नि जगला काय, त्याला मेल्याला आता काय फरक पडतो? तुला अलिबागला जायचंय ना?" माझी आई एक अक्षर शिकली नव्हती. घरात पुस्तकांचा उपयोग समजलेले माणूस तेवढे एकच.

पुढच्या रविवारी अण्णांनी मला पुन्हा संधी दिली. मी किल्लेदाराला ठार मारले, आणि चांगले हाल करून मारले. छातीवर तीन वार, हातात मोडकी तलवार, दारूच्या कोठाराला स्वतः लावलेली बत्ती, आणि मरताना दरवाजाकडे पाहून बोललेली दोन वाक्ये, तीही माझीच. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. दादा म्हणाला, "आता कळलं तिला." पुढची सहा पुस्तके मी न उघडताच त्याच्या दोन-दोन ओळींना पाणी घालून सांगितली. सहाच्या सहा पास. मुरूडकरांना निरोप गेला, आणि मी बैलांच्या दमणीत बसून अलिबागला गेले.

पुढे ती सहाही पुस्तके मी वाचली. दोन बरी होती. मी शिकले आणि गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. दादा मुंबईला कचेरीत लागला. शिमग्याला येई, तेव्हा माझ्या शाळेतल्या मुलींना बोलावून काय वाचावे ते सांगे. यादी तीच होती, अभिप्रायही तेच. इतक्या वर्षांत एक खाण कमी झाली नव्हती. मुली नंतर मला विचारत, आणि मी त्यांना सांगे, वाचा आणि जे असेल ते मला येऊन सांगा. माझ्या वर्गात खरे सांगण्याबद्दल कुणाचे शिक्षण थांबले नाही. एवढे एक मी आयुष्यात धड केले.

अण्णांना मोतीबिंदू झाला. नारळाला टिचकी मारणे चालू होते, बाकी सगळे थांबले. एका शिमग्यात त्यांनी मला म्हटले, "तो किल्लेदाराचा ग्रंथ आण वाचनालयातनं. तू सांगितला हुतास, तवापासून माझ्या मनातनं जात न्हाय. मरायच्या आधी एकदा अख्खा ऐकतो." मी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी आणला. आता वाचनालयात मी स्वतःच जात असे.

ओटीवर बसून मी वाचू लागले. दादा झोपाळ्यावर होता. टाकी आटली, मुले रडू लागली, किल्लेदार पहाटे उठला. मी आवाज न बदलता वाचत गेले. अडसर निघाला. घागरी घेऊन बायका धावल्या.

"थांब," अण्णा म्हणाले. "हे असं कुठं हुतं?"

"पहिल्यापासून असंच आहे, अण्णा."

झोपाळा थांबला. दादा म्हणाला, "आवृत्ती निराळी असेल."

"तू गप ऱ्हा," अण्णा त्याला म्हणाले. माझ्या उभ्या जन्मात मी ते पहिल्यांदा ऐकले. मग बराच वेळ ते हाताने धोतराची कड चाचपत राहिले. "दरवाजा उघडतो तो?"

"हो. तुम्हाला पहिल्या रविवारी सांगितलं होतं. पान काढून पुढे धरलं होतं. तुम्ही ताट सारलंत."

"आणि दुसऱ्या रविवारी?"

"दुसऱ्या रविवारी मला अलिबागला जायचं होतं."