इस्त्री त्याची, चटके मला

आमच्या शेजारच्या इस्त्रीवाल्याला सगळं गाव ‘कडक’ म्हणतं. त्याची बायको चारचौघांत ‘अहो’ म्हणते आणि भांडताना ‘अहो कडक’. त्याची टपरी आणि माझं शिवणकामाचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक लाकडी फळी आहे. तिच्या फटीतून त्याची वाफ माझ्याकडे येते, आणि माझा जळका वास बहुधा त्याच्याकडे जात असावा.

माणसाने जळू नये, हे मलाही कळतं. पण तुम्हीच सांगा. माप मी घ्यायचं, कापड मी कापायचं, काजं करताना डोळे मी फोडायचे, आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणणार, “वा, इस्त्री काय झालीय!”

त्यात त्याच्या टपरीवर पाटी: ‘साहेबांचे कपडे येथे इस्त्री होतात.’ साहेब म्हणजे आमचे नगराध्यक्ष. त्यांचे कपडे शिवायला जायचे कुठल्याशा मोठ्या शहरात, इस्त्रीला मात्र कडककडे. त्यांच्या शर्टांसाठी वेगळी दांडी होती. तिला दुसऱ्या कुणाचा हँगर लागला, तर कडक विटाळ झाल्यासारखा ओरडायचा.

“साहेबांची कॉलर फार नाजूक हो,” असं तो अशा आवाजात सांगायचा, की जणू साहेबांचं काळीजच त्याच्याकडे प्रेसला येतं.

“बघा,” आमची बायको म्हणायची, “माणूस कुठल्या कुठे पोचला. नाहीतर तुम्ही.”

हे ‘नाहीतर तुम्ही’ मी लग्नापासून ऐकतोय. माझं आडनावच असावं तसं.

मग ती पहाट आली. वर डोंगरात ढग फुटला आणि नदी न विचारता खालच्या आळीत शिरली. नगरपालिकेच्या गच्चीवर त्यासाठीच बसवलेला भोंगा आहे. तो वाजला नाही. वाजणार कसा? मागे एकदा तो साहेबांच्या ऐन भाषणात चुकून केकाटला होता. लोक हसले आणि साहेब चिडले. तेव्हापासून त्यांचा हुकूम होता: ‘माझ्या शब्दाशिवाय भोंग्याला हात लावायचा नाही.’ आणि त्या पहाटे पहारेकरी फोन लावून लावून थकला, पण साहेब लागलेच नाहीत.

साहेब कुठे होते, ते गावात फक्त कडकला ठाऊक होतं, आणि त्याच्यामुळे मला. थंड हवेच्या गावाला नेण्याची बॅग त्यानेच भरून दिली होती. फुलाफुलांचे शर्ट, लोकरीची विजार, सगळं त्याच्या हातचं. मला त्याने ते तेव्हाच फळीच्या फटीतून मिरवत सांगितलं होतं. मी नेहमीप्रमाणे जळलो होतो.

पाणी वर आमच्या रस्त्यापर्यंत आलं. माझ्या दुकानात घोट्याएवढं, कडकच्या पायरीला मात्र नुसतं शिवून गेलं. नदीसुद्धा माणूस बघून वागते. पण खालच्या आळीत कडकची थोरली बहीण राहायची, आक्का. तिच्या घराची मागची भिंत तिच्या पायावर पडली. शेजाऱ्यांनी तिला निखळलेल्या दारावर झोपवून शाळेत आणलं. पाय मोडला, घर गेलं. आईमागे तिनेच कडकला वाढवलेलं. शाळेतून परतला तो थेट टपरीत जाऊन बसला. मी म्हटलं, “चहा घेणार का?” तर मानही हलवली नाही. माझा चहा मला एकट्याला प्यावा लागला, आणि तोही गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा माणूस धापा टाकत आला. वीज नव्हती, म्हणून कडकने माळ्यावरची कोळशाची इस्त्री काढली होती.

“साहेब वाटेत आहेत. थेट शाळेत येणार, पाहणीला. पेपरवाले येताहेत. दांडीवरचा पांढरा शर्ट पाहिजे.”

“तयार आहे.”

“तसा नको,” माणूस आवाज उतरवून म्हणाला. फळीला फट आहे, हे तो विसरला. “चुरगळलेला पाहिजे. साहेब लोकांसाठी रात्रभर उभे होते असं वाटलं पाहिजे. कोपराला चुण्या, पोटाजवळ चुण्या. मी बोळा करून पाहिला एक, तर नुसता बोळाच दिसतो. तुझा हात वेगळा.”

आयुष्यभर चुण्या मोडल्या त्याने. आता इस्त्रीने चुण्या घालायच्या!

मला राहवलं नाही. मी फळीवरून डोकं काढलं. “द्या माझ्याकडे. मी चुरगाळतो.”

माणसाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमचं शिवलेलं आधीच चुरगळलेलं असतं हो मास्तर. ते अनुभवी वाटत नाही, गबाळं वाटतं.”

अशा वेळीही अपमान माझाच.

कडक म्हणाला, “या थोड्या वेळाने.”

माणूस गेल्यावर त्याने खळीचं भांडं घेतलं. शर्टावर इतकी खळ शिंपडली की कापड पांढरं होतं ते पांढरंफटक झालं. मग कोळसे फुंकले आणि इस्त्री टेकवली. असली इस्त्री मी जन्मात पाहिली नाही. बाहीची रेघ बघून मला वाटलं, हिने कैरी कापता येईल. शर्ट टेबलावरून उचलला तर पत्र्यासारखा आडवाच राहिला.

“अरे, दांडी जाईल तुझी,” मी म्हणालो. “पाटी जाईल.”

“माहीत आहे.”

त्याने घडी घालून कागदात बांधला. माणूस आला तेव्हा गंभीरपणे म्हणाला, “गाडीतच उघडा. आधी उघडलात तर चुण्या बिघडतील.”

आम्ही दोघं शाळेकडे निघालो. त्याला आक्काकडे जायचं होतं. मी का गेलो ते तुम्हाला कळलंच असेल. साहेबांची गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि तिच्या आत झटापट चालली होती. साहेब अंगात फुलाफुलांचा शर्ट घालून पांढरा शर्ट मुठीत आवळत होते. तो चुरगळायला तयार नव्हता, नुसता कागदासारखा करकरत होता. पेपरवाले गाडीजवळ आले. फुलं की पत्रा? साहेबांनी पत्रा घातला.

वर्गात चिखल, ओल्या चादरी, रडून थकलेली माणसं. आणि त्यांच्यामधून साहेब चालताहेत, अंगातून कर्रर्र आवाज येतोय. ते आक्काच्या बाकापाशी थांबले.

“आक्का, काळजी करू नका. रात्रभर मी तुमच्यासाठीच धावत होतो.”

आक्काने हात पुढे केला. सगळ्यांना वाटलं, पाया पडते की काय. तिने बाहीची रेघ दोन बोटांत धरली.

“हा माझ्या भावाचा हात,” ती म्हणाली. “साहेब, घडी तर आत्ताच मोडलीत की!”

आधी कुणीतरी खोकलं. मग हसू पसरलं, त्या ओल्या चादरींमधूनसुद्धा.

साहेबांचा चेहरा शर्टासारखा झाला. “पाऊस काय कुणाच्या हातात असतो का, आक्का?”

“पाऊस नसतो,” आक्का म्हणाली. “भोंगा असतो.”

हसू थांबलं. साहेबांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालणार, असं मला वाटलं. पण तो साहेबांकडेच बघत राहिला. मग एकेक करून सगळेच बघायला लागले. पाहणीला साहेब आले होते आणि पाहणी साहेबांची चालली होती. शेवटी त्यांनी ओठ हलवले. “हुकूम माझा होता,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

भोंग्यावरचा तो हुकूम त्याच आठवड्यात गेला. आता पाणी दिसलं की पहारेकरी कुणाला न विचारता वाजवतो. साहेबांचे कपडेही गेले, दुसऱ्या इस्त्रीवाल्याकडे. कडकने पाटी स्वतः उतरवली. दांडी रिकामी आहे. तिच्याकडे तो अधूनमधून बघतो, हे मी फटीतून पाहिलंय. त्या कॉलरीवर त्याचा खरंच जीव होता.

मी म्हटलं, चला, जळायचं कारण संपलं. तर परवा बायको पाटीच्या जागी भिंतीवर राहिलेल्या न विटलेल्या चौकोनाकडे बघत उभी.

“पाटी नाही तरी लोक तिथेच थांबून बोलतात,” ती म्हणाली. “नाहीतर तुम्ही.”

आता त्या रिकाम्या चौकोनावरसुद्धा जळावं लागतंय मला.