गोल फिरतंय तोवर

पपांचा रोजचा फोन मी बंद पाडला. स्वतःच्या हाताने, स्क्रूड्रायव्हर घेऊन.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी विहारात वंदना झाली. सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले, आणि माझ्याबद्दलही. "पोरीने बापाला किती जपलं!"

मी मान खाली घालून खीर वाढत होते.

म्हणून इथे खरं काय ते लिहिते.

पपा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मशीनवर होते. रिटायर झाल्यावर घरातला जुना डेस्कटॉप त्यांनी ताब्यात घेतला आणि विहाराचे बॅनर करायला लागले. वाढदिवस, लग्न, जयंती, निधन. कुणाकडे काहीही असो, फोटो पपांकडे यायचा.

पण तो डेस्कटॉप! बटण दाबून चहा टाकला, प्यायला, कप विसळून ठेवला, तरी विंडोज आपलं येतंय येतंय.

पपा मात्र चहाला उठायचे नाहीत. कारखान्याची सवय. मशीन चालू केली की जागा सोडायची नाही.

मग बसल्या जागेवरून मला फोन.

"जय भीम बाळा. गोल फिरतंय अजून. म्हटलं, तोवर तुझ्याशी बोलावं."

रोज! आणि नेमका माझ्या टीमच्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगच्या वेळेला. मी खराडीच्या ऑफिसात, एका कानात मॅनेजर, दुसऱ्या कानात पपा.

"डबा नेलास का? आईने आज गवार केलीये. तुला आवडत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय."

"पपा, मीटिंग आहे ओ."

"हो हो, तू कर. हे आलंच बघ आता."

यायचं कुठलं!

कधीकधी मी फोन स्पीकरवर टाकून नुसतं हं हं करत मेल टाइप करायचे. त्यांना कळायचं. "कीबोर्ड वाजतोय," म्हणायचे, आणि तरी बोलत राहायचे. बोरं आली बाजारात, शेजारच्यांनी गाडी घेतली, आईचा गुडघा. असलंच काहीतरी.

शेवटी माझं डोकं फिरलं. बुधवार पेठेतून एसएसडी, म्हणजे नवी फास्ट डिस्क, आणली आणि रविवारी खडकीला आई-पपांकडे जाऊन कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. आत ही धूळ! पपा टॉर्च धरून उभे, निघालेला प्रत्येक स्क्रू वाटीत ठेवत होते. जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं नवीवर कॉपी करण्यात दुपार गेली.

मग पपांनी बटण दाबलं. चष्मा डोळ्यावर चढवेपर्यंत स्क्रीन हजर.

"झालं? एवढ्यात?"

"मग! आता तुमचं ते गोल फिरणं बंद. माझी पण सुटका."

पपा हसले. "बरं झालं. तुला फार त्रास होत होता."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.

जुनी डिस्क मी कचऱ्यात टाकणार होते. त्यांनी ती हातातून घेतली, फडक्याने पुसली. "चालू आहे ना अजून? मग राहू दे."

त्यानंतर सकाळचा फोन आला नाही.

ते माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. आणि लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. ऑफिसात मैत्रिणीला हसत सांगितलं, "एसएसडीने काम केलं बघ." मी उलटून फोन केला का? नाही. सुट्टीच्या दिवशी "कसे आहात? मजेत ना?" एवढंच.

मग पपा गेले. झोपेतच.

विहारातून निरोप आला, बॅनर पाहिजे. बॅनर करणारा माणूस तर हॉलमध्ये चादरीखाली. म्हणून त्यांच्या खुर्चीत मी बसले. बटण दाबलं. म्हटलं, हा सुरू होईल तोवर जरा रडून घेऊ.

लगेच उघडला हो.

त्यांनीच केलेल्या डिझाइनमध्ये त्यांचाच फोटो बसवला. त्यांचं नाव टाइप केलं.

आईने नंतर सांगितलं. "कॉम्प्युटर फास्ट केलास ना, तरी बटण दाबलं की ह्यांचा हात फोनकडे जायचा. तेवढ्यात स्क्रीन यायची. मग फोन ठेवून द्यायचे."

"अगं, मग करायचा ना फोन!"

"मी म्हणायचे की. तर म्हणे, उगाच कशाला, कामात असेल ती. आता निमित्त काय सांगू?"

माझ्या बापाला माझ्याशी बोलायला निमित्त लागत होतं. तेवढंही मी ठेवलं नाही.

कमेंटमध्ये "तुझी काही चूक नाही" लिहू नका. प्लीज.

आज दुपारी विहारातून घरी आल्यावर कपाटातून ती जुनी डिस्क काढली. त्याच फडक्यात गुंडाळलेली होती. एसएसडी काढली, जुनी परत बसवली, बटण दाबलं. तीच खरखर. आईने आतून ओळखली आणि शेजारी येऊन बसली.

फोन सायलेंट केलाय. जागा सोडलेली नाही.

जय भीम पपा. गोल फिरतंय अजून. म्हटलं, तोवर तुमच्याशी बोलावं.