गुहेतली बाकीची लेकरं

जनकाबाईला वेडी म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती पडो. वारंगा फाट्यावर तिची फुटाण्याची भट्टी आणि भिंतीला भिंत लागून आमचं घर, म्हणून सांगते. बाई कामाला वाघ होती, जिभेला तिखट होती. तिच्या फुटाण्यासाठी ट्रकवाले मुद्दाम गाडी थांबवायचे. वेडबीड काही नव्हतं तिला. तिची पोरगी हरवली होती.

दुष्काळाच्या साली औंढ्याला शिवरात्रीच्या जत्रेत हरवली. शेवंता नाव, सहा वर्षांची. जनकाबाई गिऱ्हाइकाला फुटाणे बांधून देत होती, तेवढ्यात बाजूला बसलेलं लेकरू दिसेनासं झालं. नवरा पुंजाजी पायाला भिंगरी लावून गावोगाव फिरला, पण मागमूस लागला नाही. शेवंताच्या उजव्या भुवईवर चिंचोक्याएवढा डाग होता, भट्टीतली तापलेली वाळू उडून भाजल्याचा. जनकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डाग सांगायची. पोरीचं परकर-पोलकं तिनं खुंटीला टांगून ठेवलं होतं. पुंजाजी म्हणायचा, "गेली समज आता, शेवंताचे माय." ती म्हणायची, "तुमी समजा."

दुष्काळ सरल्यावर फाट्यावर तंबूतला सिनेमा आला. आमच्याकडं तेव्हा रीत अशी की, पडदा तंबूच्या मधोमध बांधायचा. मशीन आणि पुरुष अलीकडं, आम्ही बाया पलीकडं. पडद्यावर पाणी मारायचे, म्हणजे ओल्या कापडातून चित्र आमच्या बाजूलाही उमटायचं. पुरुषांच्या नजरा नकोत म्हणून ही सोय. मी नवी नवरी, मला तर बरंच वाटायचं.

पिक्चर हिंदी होता, नवाकोरा. लेकराबाळांना घेऊन बघावा असा. राजाला एक जादूगार पळवतो आणि राजाची पोरं उडत्या खाटेवर बसून त्याला सोडवायला निघतात. काय ती खाट, अगं बाई! ढगातून अशी जायची की माझ्या बाजूला बसलेली गोजरबाई आपल्या लेकराला घट्ट धरून बसली. जनकाबाईला मीच ओढून नेलं होतं, घटकाभर जीव रमेल म्हणून.

मग ती गुहा आली. जादूगारानं चोरून आणलेली लेकरं तिथं जाती ओढत होती. एकेकाचं तोंड मोठं होऊन समोर यायचं. एका पोरीनं घाम पुसायला कपाळावरचे केस मागं सारले आणि भुवईवर डाग दिसला. जनकाबाई उठली. बायांमधून तुडवत थेट पडद्यापाशी गेली आणि ओल्या कापडावर हात ठेवला. त्या पोरीचं तोंड तिच्या बोटांवर, मनगटावर पसरलं. "बस की खाली, बये!" मागून बाया ओरडल्या. पोरगी सरळ आमच्याकडंच बघत होती.

चित्र हललं. जनकाबाई माघारी येऊन बसली.

"माझी न्हाई," ती म्हणाली. "शेवंताला उजव्या भुवईवर व्हता. हिला डाव्या हाये."

राहिलेला पिक्चर तिनं पाहिला नाही, नुसती समोर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी परकर-पोलकं खुंटीवरून काढून एका भिक्षेकरणीच्या लेकराला देऊन टाकलं. पुंजाजीला म्हणाली, "तुमचंच खरं." त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो ओसरीत बसून ढसाढसा रडला.

तंबू हलला. पिक्चर मात्र फाट्यावर सगळ्यांच्या तोंडी राहिला. भट्टीपाशी त्यावरून रोज वाद. खाट चांगली, राक्षस चांगला, गाणी कंटाळवाणी, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण लागलं ते राजावरून.

"समदं चांगलं," गोजरबाई म्हणाली, "पण राजा असून डाव्या हातानं जेवतो? देवाची पूजा बी डाव्या हातानं! कुणी शिकवलं न्हाई का मेल्याला?"

"काहून खोटं बोलता?" तातेराव शिंपी म्हणाला. "राजा उजव्या हातानंच जेवला. म्या डोळ्यानं पाहिला."

"आमी काय डोळे झाकून बसलो व्हतो? साऱ्या बायांनी पाहिलं!"

तातेराव हसायला लागला. त्यानं मांडीवरचा शिवायला घेतलेला सदरा उचलला. "हे बघा, खिसा डावीकडं हाये ना?" मग सदरा उलटा केला. "आता कुठं गेला?"

खिसा उजवीकडं गेला होता.

"तुमी पडद्याच्या मागून बघता, बायांनो. तुमचा समदा पिक्चर उलटा असतो."

सगळे खो खो हसले, मीही हसले. मग जळका वास आला. जनकाबाईचा झारा कढईत तसाच थांबला होता आणि फुटाणे काळे पडत होते. तिच्याकडं बघितलं, तर तिचा दुसरा हात आपल्या डाव्या भुवईवरून उजव्या भुवईवर गेला होता.

ती उठली ती अनवाणीच तंबूच्या जागेकडं धावली. तिथं खुंट्यांची भोकं तेवढी होती. तंबू कनेरगाव नाक्याला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. मिळेल त्या गाडीनं आम्ही दोघी तिथं गेलो. तंबू होता, पण पिक्चर दुसरा. मॅनेजर म्हणाला, "त्या पिक्चरच्या पेट्या परत गेल्या, बाई. आता कुठल्या गावात चालू आहे, कुणाला ठाऊक?"

"त्यातली लेकरं कुठली व्हती?"

"ते आम्हाला काय माहीत?"

ती दारातून आत गेली आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन बसली. लोकांनी गिल्ला केला, पण ती हलली नाही.

त्यानंतर जिथं तंबू लागेल तिथं ती फुटाण्याची टोपली घेऊन जायची आणि मशीनच्या बाजूला बसायची. तो पिक्चर परत कधीच आला नाही. ती पोरगी शेवंता होती का, मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू? पण आजही अंधारात डोळे मिटले की ते तोंड त्या हातावर पसरतं आणि मला झोप लागत नाही.

एकदा रामसिंग नावाचा ट्रकवाला भट्टीवर थांबला. त्यानं तो पिक्चर नागपूरला पाहिला होता, तोही समोरून. जनकाबाईच्या हातातलं माप खाली पडलं. तिनं डागाबद्दल विचारलं.

"उन बच्चों को कौन देखता है, बाई?" रामसिंग म्हणाला. "हम तो उडती खाट देख रहे थे. पिक्चर अच्छा था. राजा घर आ जाता है."

"चांगलाच व्हता," जनकाबाई म्हणाली. खाली सांडलेले फुटाणे ती एकेक करून वेचू लागली. "पर राजाला सोडवल्यावर गुहेतली बाकीची लेकरं कुठं गेली, ते दाखवलं का हो तुमच्या बाजूला?"