कितव्या लंबरची लाट

आमच्याकडे लाट म्हणजे पाण्याची नव्हे. कुरखेड्याकडच्या ज्या लाकूड डेपोवर बाबा कामाला होते, तिथं लिलावासाठी रचलेल्या सागवानाच्या प्रत्येक थप्पीला लाट म्हणत, आणि प्रत्येक लाटेला नंबर असे. लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडावर ठशाचा हातोडा मारायचा, हे बाबांचं काम. शाळा सुटली की दुरून तो ठोका ऐकू येई, आणि बाबा अजून कामावर आहेत एवढं कळे.

समुद्र आमच्या घरात कुणी पाहिला नव्हता. पण एका व्यापाऱ्यानं बाबांना एकदा सांगितलं, "ये माल जहाज में लगेगा." बोलून तो विसरलाही असेल. बाबांनी ते वाक्य देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं.

आई हिवतापानं गेली त्या दुपारी मी बाबांना बोलवायला धावत डेपोवर गेले होते. ट्रक उभा होता. बाबा म्हणाले, "जहाजाची लाट भरून राह्यलो, बाई. ट्रक निघाला का आलोच." ट्रक निघायला दिवस कलला. आम्ही घरी पोचलो तेव्हा शेजारणींनी आईला खाली घेतलं होतं.

मी तेव्हा सातवीत होते. त्यानंतर बाबांना जेवायला वाढलं, त्यांचे कपडे धुतले, माफ तेवढं केलं नाही. ते मात्र दरवर्षी आईच्या तिथीला तिच्या फोटोपुढे बसून सांगत, "तुह्या वेळची लाट जहाजात लागली. समुद्रात फिरत असंन आता." मला ते ऐकवत नसे. मेलेल्या माणसाची तरी किती समजूत घालायची.

पुढे मी चंद्रपूरला शिक्षिका झाले आणि बाबांना घेऊन आले. मुंबईतली नौदलाची गोदी काही दिवस लोकांना पाहायला खुली होणार, असं मी एकदा पेपरातून वाचून दाखवलं, तिथं चुकले. बाबा हट्टालाच पेटले. डोळे अधू झाले होते, म्हणून घाई. "एकदा आपला ठसा पाहून येऊ," म्हणाले. ठसा आरागिरणीतच कापला जातो, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी गेलो.

जुन्या दगडी गोदीच्या काठावर एक नौसैनिक इंग्रजीतून इतिहास सांगत होता आणि मी तो बाबांना मराठीत सांगत होते. जहाज आत घेतात, दार लावतात, पाणी उपसतात, मग कोरड्यात दुरुस्ती. "बाहेरून आलेली लाट या दारावर अडते, बाबा."

"कितव्या लंबरची?" बाबांनी विचारलं.

शेजारची बाई फस्सकन हसली. तिनं नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. मी लाजेनं अर्धी झाले.

तेवढ्यात नौसैनिक सांगू लागला की पूर्वी इथं बांधलेली मोठी जहाजं सागवानाचीच असत, आणि ते सागवान मलबारहून समुद्रमार्गे येई. आता सगळं पोलाद. बाबांनी माझी बाही ओढली. "काय म्हणून राह्यला तो?"

मला काहीही सांगता आलं असतं. इंग्रजी माझ्याच ताब्यात होतं. पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि ते तेल त्या बाईच्या हसण्याइतकं ताजं नव्हतं, सातवीपासूनचं होतं. "लाकूड मलबारचं होतं, बाबा. तुमचं इथी काहीच आलं नाई."

बाबा कठड्याचा दगड चाचपत उभे राहिले. "मंग कुठी गेलं?"

"लागलं असंन कोणाच्या दारं-खिडक्यांत."

चंद्रपूर येईपर्यंत गाडीत त्यांनी जहाजाचं नाव काढलं नाही. मलाही वाटलं, बरं झालं, एकदाचं संपलं. हे वाटणं आज लिहितानाही नकोसं होतं.

त्या वर्षी तिथीला मी फोटोला हार घातला, पाट मांडला. बाबा येऊन बसले. पानातला भात गार झाला. शेवटी मीच म्हणाले, "बाबा, बोला ना तिच्याशी."

"काय बोलू?" ते म्हणाले. "आता तिनं विचारलं, तुमी त्या दिशी काऊन नाई आले, तं मी काय सांगू?"