गोंगाटात बसणाऱ्या बाई

“होऊ द्या तुमचं. मी बसते.”

वर्गात गोंगाट वाढला की बाई खडू ठेवायच्या आणि शेवटच्या बाकावर पोरांशेजारी जाऊन बसायच्या. फळ्यासमोर कुणीच नाही म्हटल्यावर पोरं मागे वळून बघत आणि आवाज आपोआप खाली येई. तुम्ही मास्तरकी केली असेल तर हे किती अवघड आहे ते जाणता. कामरगावच्या शाळेत माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. माझं डस्टर टेबलावर आपटलेलं त्यांना ऐकू जाई. त्यांच्या वर्गातलं हसू मला.

सातवीत एक मुलगी होती. तास चालू असताना ती शिक्षकांच्या नकला करायची. वर्ग हसून लोळायचा, शिकवणं बंद. बाईंचीही नक्कल झाली. बाई मनापासून हसल्या.

“आवाज जमला. पण चष्मा मी अशी सारते काय? नीट पाह्य.”

मग तासाची शेवटची काही मिनिटं त्यांनी तिला देऊन टाकली. अट एकच, आधी धडा. त्यांच्या तासाला ती सुधारली, इतरांच्या नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावलं. गावालगत त्यांचा भाजीचा मळा. चिखलाच्या पायांनीच ते आले.

“उद्यापासून वावरातच ठेवतो इले.”

मुलगी भिंतीला टेकून खाली बघत होती. बाई तास सोडून आल्या.

“दादा, घरी बी असाच गोंधळ घालते काय?”

“घरी तं तोंडच उघडत नाही. इची माय गेली तवापासून हो-नाही, बस.”

बाई तिच्याकडे वळल्या. “बाजारात तुहे बाबा भाजी कशे इकते, दाखव बरं.”

मान खालीच ठेवून ती म्हणाली, “घ्या वांगे! कवळे हायेत, माय!” आवाज, मधलं खाकरणं, सगळं बापाचं. बापाला एकदम हसू फुटलं. मग त्याने खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला.

“राहू द्या तिले माह्या वर्गात,” बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. “काही झालं तं मले बोला.”

मुलगी शाळेत राहिली.

यंदा बाई निवृत्त झाल्या आणि वाशीमला लेकाकडे निघाल्या. मळेवाल्याने जीपमध्ये बसलेल्या बाईंच्या मांडीवर मेथीच्या जुड्या ठेवल्या. जीप गेली, पोरं पांगली. मी फाटक लावत होतो. रस्त्याने ती मुलगी हातवारे करत वडिलांना काहीतरी सांगत चालली होती. वडील मोटारसायकल हाताने ढकलत होते. चालू केली असती तर तिचं बोलणं ऐकू आलं नसतं.

हे बघायला बाई हव्या होत्या.